माघारी फिरणारा हात

किटमावशींना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. हात राहत. शाळेत एवढ्या मुली, पण नावानं त्या फार थोड्यांना ओळखत. बाकीच्या म्हणजे ‘ती नखं कुरतडणारी’, ‘ती गार पंजाची’, ‘ती अंगठा मुठीत लपवणारी’. पालकसभेला एखादी आई आली, की मावशी तिच्या हातांकडं बघून म्हणत, “सातवीतली लांब बोटांची पोरगी तुमची ना? बोटं तुमचीच उचललीत तिनं.” आणि ते बरोबर निघे. माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हाही त्यांची नजर आधी माझ्या हातांवर गेली होती. मी हात पँटच्या खिशात घातले. का घातले, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्यांच्याशी मी जे केलं, तेही लिहावं लागेल. मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं फायली हलवल्या, त्यात गरजेपुरतं बोलून भागत गेलं. पण हे बारा वर्षं पोटात ठेवलं आणि ते पचलं नाही.

मावशी आमच्या जुईच्या शाळेत शिपाई होत्या. मूळच्या बिडकीनच्या बाजूच्या. मुलींचा संघ बाहेरगावी खेळायला निघाला, की बरोबर एक बाईमाणूस हवंच, असा शाळेचा दंडक होता. बाकीच्या बायका घरच्या अडचणी सांगत. मावशी मात्र पिशवी उचलून गाडीत बसत. बॅटा, ग्लोव्हज, हेल्मेटं यांनी भरलेली ती भली मोठी कॅनव्हासची किटबॅग त्यांच्या खांद्यावर असे आणि मैदानाच्या कडेला त्या तिच्यावरच बसत. म्हणून किटमावशी. जालना, बीड, नांदेड, लातूर अशी वीस वर्षं त्यांनी त्या बॅगेवर बसून सॉफ्टबॉल बघितला होता. कुणी शिकवलं नाही, पण बघणारीचे डोळे मोकळे होते. क्रीडाशिक्षक सर सज्जन होते. त्यांचा खेळ व्हॉलीबॉल. सॉफ्टबॉल त्यांच्याकडं परिपत्रकातून आला होता. ते हाजरी घेत, शिट्टी वाजवत आणि मग हळूच म्हणत, “मावशी, जरा बघता का पोरींकडं?” मावशी पदर खोचत, पायात आपल्या मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट चढवत आणि खालच्या हातानं चेंडू टाकायला लागत. पंचावन्नच्या त्या बाईचा चेंडू असा सुळकन यायचा, की आठवीतल्या उंच मुलीसुद्धा मागं सरकत.

त्यांची शिकवण सगळी बोलण्यात. “कमरेनं मार गं बाई. हात नुसते पाव्हणे हायेत, काम घरच्यांनी करायचं असतं.” एखादी घाईनं आधीच बॅट फिरवून बसली, की म्हणत, “तुला घाई हाय ते चेंडूला कामून सांगती? येऊ दे की त्याला निवांत.” एकदा एका मुलीनं रागानं बॅट आपटली. मावशींनी ती उचलून पदरानं पुसली आणि तिच्या हातात न देता स्वतःजवळ ठेवली. “बॅटीला काय लागलं का बघते आधी. तुला नंतर बघू.” पोरगी रडता रडता हसायला लागली.

जुई तेव्हा अकरा वर्षांची. सहावीत. तिला हा खेळ कसा लागला कोण जाणे, पण लागला तो वेडासारखा. मीही हौसेनं तिच्या मागं लागलो. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेला मोज्यात घालून चेंडू टांगला. ऑफिसातून आलो की चहा घेऊन वर. इंटरनेटवरची चित्रं छापून आणली होती, कोपर इथं, गुडघा तिथं. “कोपर वर. वर म्हटलं ना! परत.” ती परत फिरवायची. शंभरदा फिरवायची. आणि शंभरही वेळा बॅट निम्म्यात आली की काहीतरी अडखळायचं. वाटेत कुणी हटकलं तर माणूस जसा थबकतो, तशी बॅट क्षणभर थबकायची आणि मग पुढं जायची. तेवढ्यात चेंडू गेलेला असायचा. आमची ही, सुनंदा, दारात उभी राहून म्हणायची, “पुरे आता. रडकुंडीला आलीय ती.” मी म्हणायचो, “तुला त्यातलं काय कळतं?” मलाही काही कळत नव्हतं.

जिल्हा संघाच्या निवडीला पंधरा दिवस उरले, तेव्हा मी एका दुपारी रजा टाकून शाळेच्या मैदानावर गेलो. म्हटलं, सरांना विचारावं अडतंय कुठं. सरांनी बोट दाखवलं किटमावशींकडं. कडेला लिंबाखाली चार-पाच आया डबे घेऊन बसल्या होत्या. मावशींनी जुईला बोलावलं. बॅट फिरवायला लावली. एकदा, दोनदा. तिच्या हातातली बॅट काढून खाली ठेवली. मग जुईच्या पाठीमागं गेल्या आणि अचानक, “जुये!” अशी हाक मारून हातातला चेंडू तिच्या तोंडाच्या दिशेनं टाकला.

जुई गर्रकन वळली. तिचा डावा हात वर निघाला, छातीपर्यंत आला आणि झटकन कमरेशी परत गेला. मग उजवा आला. तोवर चेंडू कानावरून गेला होता.

“अजून एकदा,” मावशी म्हणाल्या. पुन्हा तेच. डावा निघाला, निम्म्यातून फिरला, कमरेला चिकटला.

मी तिचा बाप. रोज तिच्या समोर बसून जेवत होतो. मला हे कधी दिसलं नव्हतं. खरं म्हणजे दिसू नये अशी मी सोय करून घेतली होती.

मावशींनी जुईला प्लेटच्या, म्हणजे मारणारी जिच्याशी उभी राहते त्या पांढऱ्या पाटीच्या, दुसऱ्या बाजूला उभं केलं आणि बॅट परत हातात दिली. डावा हात वर, उजवा खाली. “आता हाण.” सर म्हणाले, “मावशी, ती उजवी आहे.” मावशी म्हणाल्या, “असू द्या सर, गंमत म्हणून.” त्यांनी चेंडू टाकला. बॅट कुठंही थबकली नाही. असा आवाज मी गच्चीवर एकदाही ऐकला नव्हता. चेंडू मैदान ओलांडून पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळला. सगळ्या आयांनी माना वळवल्या. जुई स्वतःच्या हातांकडं बघत उभी होती. ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसं.

“पळ की येडे!” मावशी ओरडल्या. “डावरीला पहिला बेस दोन पावलं जवळ पडतो. देवानं दिलेली दोन पावलं हायेत ती, सोडती कामून?” जुई पळाली. मी तिला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

मग मावशी माझ्याजवळ आल्या. आवाज चढवला नाही, पण लिंबाखाली ऐकू जाईल एवढा होता. “भाऊ, हात निघतो आन् माघारी फिरतो. असं जन्माचं नसतं. कुणी बांधला व्हता हिचा हात?”

बाईला कसं कळलं? घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पळून परत आलेली जुई धापा टाकत शेजारी उभी होती आणि आता बुटांकडं बघत होती.

“कुणीच नाही,” मी म्हणालो. “भलतंच काय बोलता?”

मावशींनी माझ्या हातांकडं बघितलं. “बरं,” म्हणाल्या आणि चेंडू गोळा करायला गेल्या.

हात मी बांधला होता. जुई चार वर्षांची असताना, एक अख्खा पावसाळा. आमच्या साहेबांकडं सत्यनारायण होता. तिनं प्रसादाला डावा हात पुढं केला आणि साहेबांच्या आई म्हणाल्या, “अगंबाई, डावरी का? मुलीच्या जातीला वाईट हो.” एवढंच. मला ते इतकं लागलं, की घरी आल्यापासून मी जेवताना आणि पाटीवर लिहिताना तिचा डावा हात रुमालानं फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायला लागलो. सुनंदा सुरुवातीला भांडली. मग तिनं स्वयंपाकघरातून बाहेर येणं सोडलं. जुई आधी रडायची, नंतर गाठ मारताना स्वतःच हात कमरेशी आणून ठेवायची. मला वाटलं, शिकली. दिवाळीपर्यंत ती उजव्या हातानं लिहायला लागली आणि मी लोकांना सांगत सुटलो, की मुलीची डावरी सवय आपोआप गेली.

त्या दिवशी मैदानावरून घरी येताना जुई स्कूटरवर मागं बसून बडबडत होती. “बाबा, मावशी म्हणाल्या रोज डावीकडून खेळायचं. बाबा, टाकीला लागला, बघितलात ना?” मी हूं हूं करत होतो. माझ्या डोळ्यांसमोर लिंबाखालच्या त्या बायका होत्या. त्या घरोघर जाऊन काय सांगतील, हेच डोक्यात. पोरगी इतक्या वर्षांनी मोकळी हसली, याचा आनंद मला त्या संध्याकाळी झाला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण नाही झाला.

मी मुख्याध्यापिका बाईंना पत्र लिहिलं. सरकारी मराठी मला चांगली येते. ‘एक अशिक्षित शिपाईबाई कोणताही अधिकार नसताना विद्यार्थिनींना प्रशिक्षण देते व माझ्या मुलीच्या नैसर्गिक खेळात ढवळाढवळ करते, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ नैसर्गिक! तो शब्द मी लिहिला, वाचला आणि पाकीट चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला शाळेत गेलो. ऑफिसच्या दारात स्टुलावर मावशीच बसल्या होत्या. मला वाटलं होतं दुसरं कुणी असेल. मागं फिरता आलं असतं. फिरलो नाही.

“या भाऊ. जुईचा सुट्टीचा अर्ज व्हय?”

“हं... तसंच काहीतरी,” मी म्हणालो.

त्यांनी हात पदराला पुसले, पाकीट दोन्ही हातांत घेतलं. “देते म्या बाईंना. तुम्ही जावा, हापिसाला उशीर हुईल तुम्हाला.” आणि माझ्यादेखत त्या ते आत घेऊन गेल्या.

पुढचं सगळं कागदावर व्हावं तसं झालं. मावशींना मैदानावर यायची बंदी झाली. त्यांची पाळी सकाळची केली. मुली दुपारी खेळायच्या. किटबॅग दुसऱ्या कुणाकडं गेली. पालकांची तक्रार म्हटल्यावर सरांनी हात आखडले आणि जुईला परत उजवीकडं उभं केलं. निवडीच्या दिवशी मी मैदानाच्या जाळीला धरून उभा होतो. जुई तीनदा आली, तीनदा गेली. बॅट निम्म्यात थबकत होती. प्रत्येक वेळी ती खेळायच्या आधी कडेला बघायची, जिथं मावशी बॅगेवर बसत तिथं. तिथं एक अनोळखी माणूस बिस्किटं खात बसला होता.

“मावशी का नाही आल्या?” घरी येताना तिनं विचारलं.

“पाळी बदलली असेल.”

“मला न सांगता?”

“मोठ्या माणसांना सगळं सांगायला वेळ नसतो,” मी म्हणालो. असं बोलताना जीभ कशी झडली नाही, कोण जाणे. त्या आठवड्यात तिनं बॅट माळ्यावर टाकली. मी एकदा म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, “नको.” पुन्हा त्या खेळाचं नाव तिनं काढलं नाही. सुनंदाला पत्राचं ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

जुई शिकली, पुण्याला नोकरीला लागली. गेल्या पावसाळ्यात गंगापूरला माझ्या भावाकडं बारशाला आम्ही सगळे जमलो होतो. पंगतीत भावाचा तीन वर्षांचा नातू डाव्या हातानं पुरी खात होता. भावानं हसत हसतच त्याच्या हातावर चापट मारली. “त्या हातानं न्हाय रे गधड्या.” पोरानं हात मागं घेतला. जुई भरल्या ताटावरून उठली. “काका, त्याच्या हातावर मारू नका,” म्हणाली. भाऊ म्हणाला, “अगं, गंमत केली.” ती पोराला उचलून बाहेर घेऊन गेली. मी घास हातात धरून बसलो होतो. मला वाटत होतं, ती विसरली. इतकी वर्षं मी त्या भरवशावर जगलो होतो.

पुढच्या आठवड्यात क्रीडाशिक्षक सरांना गाठून पत्ता घेतला आणि बिडकीनला गेलो. मावशी मुलाकडं राहत होत्या. दारात खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या. गुडघे गेलेले, नजर अधू झालेली. मी माझं नाव सांगितलं, जुईचं सांगितलं. मग उभ्या उभ्याच बोलून टाकलं. हात मीच बांधला होता. पत्र मीच लिहिलं होतं. मला वाटलं होतं त्या दचकतील.

“ठाव हाय मला,” मावशी म्हणाल्या. “बसा.”

“तुम्हाला कसं ठाऊक? पाकीट तर बंद होतं.”

“बाईंचा चष्मा घरी राह्यला व्हता त्या दिवशी. म्हन्ल्या, ‘वाच गं, काय लिवलंय.’ म्या वाचलं. मोठ्यानं. सातवी पास हाय म्या.” शेंगांचं सूप त्यांनी बाजूला ठेवलं. “‘अशिक्षित’ हा शबुद जरा आडला. मंग फोड करून वाचला.”

मी खाली बसलो. खाटेवर नाही, जमिनीवर. स्वतःविरुद्धचं पत्र त्या बाईनं स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवलं होतं, आणि त्यानंतर तीन वर्षं, जुई ती शाळा सोडेपर्यंत, कधी फी भरायला गेलो तर मला “बरं हाय का भाऊ?” विचारत होती.

“तुम्ही बाईंना सांगितलं का नाही? हात बांधल्याचं?”

“पोरगी त्याच शाळेत व्हती ना. चार जणींत हसं झालं असतं तिचं.” मग त्यांनी विचारलं, “खेळती का आता?”

“नाही. त्याच वर्षी सोडलं.”

आतून सुनेनं चहा आणून ठेवला, तो निवला. “पत्राचा राग नव्हता बगा मला,” त्या शेवटी म्हणाल्या. “हापिसातली माणसं लिवतातच. पर पोरीनं खेळ सोडला, ह्याचा आला. लई आला.” आणि मग, “पोरीला सांगितलं का हे?”

“नाही.”

“मंग माझ्याकडं कामून आलात? माझा हात थोडाच बांधला व्हता तुम्ही.”

मी माफी मागायला गेलो होतो. ती मागायचीसुद्धा राहून गेली.

त्याच संध्याकाळी जुईला फोन केला. जे मावशींना सांगितलं तेच सांगितलं, त्याच क्रमानं. दोनदा हॅलो म्हणावं लागलं.

“हात तुम्ही बांधलात ते मला आठवतं, बाबा,” ती म्हणाली. “रुमालाला इस्त्रीचा वास यायचा. मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा बांधत असतील.” थोड्या वेळानं म्हणाली, “पत्राचं माहीत नव्हतं. मावशी सकाळी शाळेत दिसायच्या, पण मैदानावर यायच्या नाहीत. मला वाटलं होतं, मी मावशींना आवडेनाशी झाले.” आणि फोन बंद केला. मी परत लावला, उचलला नाही. सुनंदा शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “बारा वर्षं लागली तुम्हाला.” एवढंच बोलली आणि उठून गेली.

दीड महिना जुईचा फोन आईलाच येत होता. नंतर एका रविवारी तिचं नाव माझ्या फोनवर उमटलं. पुण्याची गाडी इथं संभाजीनगरला सकाळी पोचते, हे मला ठाऊक होतं. पण ती घरी आली नव्हती. स्टँडवर उतरून परस्पर बिडकीनला गेली होती. ती बोलत होती आणि तिच्या मागं मावशींचा आवाज येत होता. तोच, मैदानावरचा. “पाय बाहेर पडतो तुझा, पाय! कमरेनं घे!” तिथल्या पोरांकडून बॅट आणि चेंडू मागून आणला होता म्हणे. खाटेवर बसून मावशी ओरडत होत्या आणि माझी तेवीस वर्षांची मुलगी अंगणात डावीकडून खेळत होती. तिला धाप लागली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “मावशी म्हणतात, तुम्हालाही बोलव. मी म्हटलं, आज नको.”

“बरं,” मी म्हणालो.

पौषात मावशी गेल्या. त्याआधी जुई तिथं आणखी तीनदा जाऊन आली. मला तिनं बोलावलं नाही, आणि मीही ‘मला घेऊन चल’ म्हणालो नाही.